दहिवर उडायच्या आत

मार्गशीर्ष लागला की आमच्याकडे बाभळींना कापूस येतो. धुळ्याहून अमळनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाने भरलेल्या गाड्या डुलत जातात, कडेच्या बाभळी जाता-जाता त्यांतला आपला वाटा ओढून घेतात आणि पुढे दोन महिने त्या काट्यांवर पांढरे पुंजके हलत राहतात. परगावचा पाहुणा विचारतो, हे कसलं फूल? आम्ही अगदी सरळ तोंडाने काहीतरी नाव ठोकून देतो. खानदेशी माणूस पाहुण्याला वांग्याचं भरीत नको-नको म्हणेपर्यंत वाढेल, पण थोडी फिरकी घेतल्याशिवाय त्याला सोडणार नाही.

परवा बसच्या खिडकीतून असाच एक पुंजका दिसला आणि दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा जसाच्या तसा समोर आला. त्या हिवाळ्यात मी हरले. पस्तीस वर्षं धुळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली मी, तिसरी शिकलेल्या माझ्या थोरल्या बहिणीकडून हरले, आणि तेही एका चित्रापुढे. आयुष्यात मी बक्षिसं काही कमी घेतली नाहीत, पण त्या हरण्याएवढा आनंद एकाही बक्षिसाने दिला नाही. म्हणून परवा कापूस बघितला आणि आज लिहायला बसले.

अमळनेरच्या उत्तरेला, तापीच्या अलीकडे, एक बागबंगला आहे. जुन्या काळी कापसाचा मोठा व्यापार करणाऱ्या शेठजींनी तो हौसेने बांधला. मधोमध बंगला, त्याच्याभोवती बाग, बागेला दगडी भिंत आणि भिंतीला लागून कापसाची शेतं. शेठजींना झाडांचा आणि चित्रांचा सारखाच नाद होता. व्यापाराला जिथे जातील तिथून एक रोप आणि एक चित्र आणायचं, असा त्यांचा नेम होता म्हणतात. शेठजी गेले, मुलं मुंबईला गेली, नातवंडं त्याहून लांब गेली. बंगल्याला बरीच वर्षं कुलूप होतं. मग नातवंडांनाच वाटलं की हे सगळं नीट करून लोकांना बघायला उघडावं. व्यवस्थेसाठी पुण्याहून देवयानी नावाची मुलगी आली. तिशीची, चष्म्याची, सगळ्यांना अहो-जाहो करणारी. चित्रांखाली लावायच्या मराठी पाट्या लिहायला तिला जाणकार माणूस हवं होतं. कोणीतरी माझं नाव सुचवलं. जाणकार हा शब्द ऐकून मी लगेच हो म्हटलं.

बंगल्याशी आमचं नातं जुनंच होतं, फक्त ते भिंतीबाहेरचं होतं. आमचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. माय, म्हणजे आमची आई भागाबाई, शेठजींच्या शेतात कापूस वेचायला जायची. ती एक गोष्ट नेहमी सांगायची. मी जन्मले नव्हते, माझी थोरली बहीण अक्का जेमतेम चालायला लागली होती, तेव्हाची. त्या वर्षी हिवाळ्यात शेठजींकडे कोणी चित्रकार पाहुणे आले होते. एका सकाळी बायका वेचणीला निघाल्या असताना बांधावरच्या निंबाखाली त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि समोर कागद मांडून बसले. बाकीच्या बाया हसत, पदर सावरत उभ्या राहिल्या. माय मात्र पाठ करून उभी राहिली. आम्ही विचारायचो, काबरं? तर म्हणायची, "मी त्याले सांगं, बाबा, तुनं चित्र व्हयी सावकाश, पन मनं दहिवर उडी जाई. तुले काढनं ते काढ, मी नही थांबस."

दहिवर म्हणजे दव. कापूस वेचणाऱ्या बाईला त्याची किंमत विचारावी. पहाटेच्या दहिवराने बोंडाभोवतीची वाळकी पानं मऊ झालेली असतात, हाताखाली चुरडत नाहीत, कापूस नितळ निघतो. ऊन चढलं की तीच पानं कडक होतात, मोडतात आणि वेचलेल्या कापसात पाचोळाच पाचोळा. मायचा कापूस सगळ्या टोळीत स्वच्छ म्हणून नावाजलेला होता. असल्या बाईला चित्रासाठी खोळंबून ठेवणं म्हणजे काय, हे त्या पाहुण्यांना कुठून कळावं.

तर बंगल्यात आपलं चित्र आहे, असं माय सांगायची आणि गाव हसायचं. त्यात पुन्हा पाठमोरं. बिनतोंडाचं चित्र कोणी काढतं का? तिला "बंगल्यानी राणी" म्हणायचे. पाणवठ्यावर बाजूला होऊन, "राणीले पयले भरू द्या वं," असं म्हणायचे. माय चिडायची नाही, पण गोष्ट सांगायचीही थांबली नाही. मी दहा वर्षांची असताना एकदा ती मला घेऊन बंगल्याच्या फाटकाशी गेली आणि रखवालदाराला म्हणाली, मनं चित्र शे आत, एकदाव दखू दे. तो एवढा हसला की त्याला खोकला आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मायचा हात ओढत होते, चल ना माय, चल ना. ती आली. त्यानंतर तिने फाटकाशी जाणं सोडलं. ते चित्र न बघताच ती गेली, त्यालाही आता बारा वर्षं झाली.

खरं सांगायचं तर मीही तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. अक्काने ठेवला होता.

बंगल्यात पाट्या लिहिण्यासाठी चित्रं बघू लागले आणि पंधराव्या की सोळाव्या चित्रापुढे मी थबकले. हातभर उंच, दीड हात रुंद तैलचित्र. बांध, निंबाचं झाड, मागे कापसाचं शेत, क्षितिजाजवळ लालसर पिवळा सूर्य, डावीकडे निळ्या डोंगरांची पुसट रांग. बांधावर पाच बायका, डोक्यावर गाठोडी. चार समोर बघणाऱ्या, एक पाठमोरी.

मायची गोष्ट आठवली, हे कबूल करते. पण मी जाणकार ना. मी दोन पावलं मागे झाले, डोळे बारीक केले, प्रकाश बघितला. उबदार तांबूस प्रकाश, लांब सावल्या, डोक्यावर ओझी. ही सांजवेळ. बायका घरी परतताहेत. मायची गोष्ट तर सकाळची होती. म्हणजे हे चित्र ते नव्हे. पाठमोरी बाई काय, कुठल्याही चित्रात सापडते. मी वही काढून लिहिलं: "परतीची वाट. दिवसभर कापूस वेचून सांजवेळी घरी निघालेल्या स्त्रिया. मावळतीचा प्रकाश, थकलेली पावलं आणि लुगड्यांचे गडद काठ यांतून चित्रकाराने कष्टाचं काव्य उभं केलं आहे." कष्टाचं काव्य. हे शब्द मला फार आवडले होते. देवयानीलाही आवडले. पाट्या छापायला गेल्या.

अक्काला मी फोनवर सांगितलं, चित्र बघितलं, पण ते मायचं नाही, संध्याकाळचं आहे. ती म्हणाली, "मी एकदाव दखसू. मंग तू म्हनशी तसं."

बंगला उघडायला आठवडा राहिला असताना मी अक्काला घेऊन गेले. सत्तरी ओलांडलेली अक्का, अंगावर भावाने दिवाळीला दिलेलं हिरवं लुगडं, पायात नव्या चपला. फाटकापाशी ती क्षणभर थांबली. रखवालदार नव्हता, फाटक सताड उघडं होतं. आत माळीकाम बघणारे आबा वाफ्याला पाणी देत होते. ऐंशीला टेकलेले हे आबा आमच्याच गावचे. शेठजींच्या बागेत लहानपणापासून राबलेले. अक्काला बघून म्हणाले, "ये वं बाई. राणीनी पोर उनी."

राणीची पोर आली, म्हणे. मला कानकोंडं झालं. अक्का शांतपणे म्हणाली, "उनी ना. तुमनी बाग दखाले उनी."

बाग तिने अशी बघितली की मला तिचं ऐकत राहावंसं वाटलं. बकुळीखाली उभी राहून तिने वर बघितलं आणि हात जोडले. गुलाबाच्या ताटव्याला, "काटा कापसापेक्षा बरा," म्हणाली. कारंज्याजवळ दोन मोर पाणी पीत होते, त्यांना बघून खूश झाली. मोठ्या हिरवळीपाशी आल्यावर मात्र तिला राहवेना. "इतली जागा," ती म्हणाली, "अन बैलले घासभर चारा नही."

आबा म्हणाले, "शेठ त्यावर चालेत सकायमा, उघडा पायवर."

"मंग वावरमा चालाले काय व्हतं?" अक्काने विचारलं. आबा हसून पुढे चालू लागले.

बंगल्याच्या पायऱ्यांशी तिने चपला काढल्या. देवयानी म्हणाली, "अहो, राहू द्या, चालतं." अक्का म्हणाली, "तुमले चालस, माले नही चालस," आणि अनवाणी आत गेली. थंड फरशीवरून ती एकेका चित्रापुढून जात होती. शेठजींची तसबीर, घड्याळाच्या साखळीसकट. दूरदेशीची बर्फाची चित्रं. एका संगमरवरी बाईपुढे ती जरा थबकली, "हिले थंडी नही वाजत का," एवढंच बोलली आणि पुढे झाली. मी पाट्या वाचून दाखवत होते. माझा आवाज वर्गातला झाला होता.

मग आम्ही त्या चित्रापुढे आलो.

अक्का जवळ गेली, मागे आली, पुन्हा जवळ गेली. तिने पदराने डोळे पुसले. मला वाटलं रडते आहे, पण ती नुसती नीट दिसावं म्हणून पुसत होती. मी पाटी वाचली. दिवसभर कापूस वेचून सांजवेळी घरी निघालेल्या स्त्रिया.

"हाई सांज नही शे, शकू," ती म्हणाली. "हाई सकाय शे."

मी हळू आवाजात म्हटलं, "अक्का, हा प्रकाश संध्याकाळचा आहे. हे रंग उबदार आहेत." मी अक्काशी पुस्तकी मराठीत बोलू लागले की ती ओळखते, शकू चिडली.

"रंग ऱ्हाऊ दे. बाया दख." तिने बोट वर केलं, पण चित्राला लावलं नाही. "दिनभर कापूस येचा ते डोकावर रुई चिटकस. ह्यास्ना केसमा रुई कोठे शे? तेल लायीसन, भांग पाडीसन निंघेल शेतस. बोटं दख. सांजलोंग बोंडं टोचीसन बोटेस्ले चिंध्या बांधन्या पडतस. एक तरी चिंधी शे का?"

मी म्हटलं, "मग डोक्यावरची गाठोडी? तो कापूसच ना?"

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. "इतलुसं कापूसनं गाठोडं? ती भाकर शे, बाई. फडकामा बांधेल भाकर. तुले शाळामा हाईच शिकाडं का?"

मागे देवयानी उभी होती. ती पुढे झाली आणि अक्काला म्हणाली, "आजी, आणखी सांगा." मला ते आवडलं नाही. छापलेल्या पाट्या लावून झाल्या होत्या, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती आणि ज्या पाटीवर मी सर्वात खूश होते तीच माझी बहीण सोलून काढत होती. मी म्हटलं, केस आणि चिंध्या हा चित्रकाराचा विसर असू शकतो. चित्रकार काही कापूस वेचत नाही.

"बरं," अक्का म्हणाली. "डोंगर कोनीकडे शे?"

डोंगर डावीकडे होता. सातपुडा. आमच्याकडच्या कोणत्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, सातपुडा कुठे, तर ते उत्तरेकडे हात करेल. तो डाव्या हाताला असेल तर तोंड पूर्वेकडे. पूर्वेला सूर्य मावळत नाही.

पण आतून अजून एक हट्टी बाई म्हणत होती की डोंगर कोणताही असेल, चित्रकाराने शोभेला काढला असेल. माणूस शिकला की त्याला आपली चूक कबूल करण्याआधी डोंगर हलवावासा वाटतो. देवयानीने मात्र साधी गोष्ट सुचवली. निंब अजून आहे का? आबा म्हणाले, शे ना. मग उद्या सकाळी तिथे जाऊन उभं राहू, ती म्हणाली.

त्या सकाळी मी अक्काच्या घरून तिच्यासोबत निघाले तेव्हा फटफटलं होतं. चुलीच्या धुराचा वास, कुडकुडणारे हात आणि शेतभर पसरलेला पांढरा कापूस. लहानपणी अशाच सकाळी अक्का मला वेचणीला ओढत न्यायची. मी सात वर्षांची, ती पंधराची. कपाशीची माझी ओळ मागे पडली की आपली सोडून ती माझ्या ओळीत यायची. मी पुढे बोर्डिंगात गेले, ब्रश हातात धरले, आणि तिने माझी ओळही कायमची आपल्याकडे घेतली. ती कधी तसं बोलली नाही. मीही नाही. त्या सकाळी ते मला आठवलं आणि तिच्या पाठोपाठ चालताना मी सारखी तिच्या टाचांकडे बघत होते.

बांधावर देवयानी आणि आबा आधीच आले होते. निंब आता थोराड झाला आहे, त्याची एक फांदी कधीतरी तुटलेली. मी पूर्वेला तोंड करून उभी राहिले आणि मान वळवून तापीकडे, उत्तरेला बघितलं. धुकं होतं. थोड्या वेळाने ते विरळ झालं आणि निळ्या डोंगरांची पुसट रांग दिसू लागली, चित्रात होती तशीच, डावीकडे. समोर आभाळ तांबूस झालं आणि शेताच्या कडेवरून सूर्य वर आला. तोच लालसर पिवळा, तेच लांब सावल्यांचं शेत.

देवयानी हसत होती. मी खाली बघितलं, लाजेनेच बघितलं म्हणा. आणि तेव्हा मला माझी साडी दिसली.

मी फिकट पिवळी सुती साडी नेसले होते, बिनकाठाची. गुडघ्याच्या जरा खालपासून पायापर्यंत ती गडद झाली होती. कापसाच्या झाडांतून चालत आल्याने दहिवराने चिंब भिजली होती. अक्काचं लुगडं तसंच. देवयानीची सलवारही तशीच. "लुगड्यांचे गडद काठ" असं मी लिहिलं होतं. ते काठ नव्हते. पाचही लुगडी दहिवराने भिजलेली होती. त्या चित्रकाराने डोळ्यांनी बघून ते इमानाने रंगवलं होतं, आणि ज्या बाईने स्वतः भिजलेला परकर घालून शेकडो सकाळी काढल्या, तिने त्याला काठ म्हटलं होतं.

मी मोठ्याने हसले. अक्काने विचारलं, काय व्हयनं? मी तिला माझी भिजलेली साडी दाखवली, पाटीतलं वाक्य सांगितलं. कष्टाचं काव्यही सांगितलं. तीही हसायला लागली. आम्ही दोघी त्या बांधावर, निंबाखाली, पोटात दुखेपर्यंत हसलो. किती वर्षांनी मी तिच्याशी आमच्या भाषेत बोलत होते, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

आपण चित्रं बघणारी शहाणी माणसं. आपल्याला कष्ट करणारी बाई नेहमी परतताना दिसते, थकलेली, मावळतीकडे, म्हणजे आपल्याला तिची कीव करता येते. सकाळी तेल लावून, भाकर बांधून, बाकीच्यांच्या आधी ओळ धरायला निघालेली ताजी, तोऱ्यातली बाई आपल्याला दिसतच नाही. मलाही दिसली नव्हती, आणि मी तर तिच्याच पोटची.

पण चित्र सकाळचं ठरलं म्हणून पाठमोरी बाई मायच आहे, असं होत नाही. देवयानीने ते अदबीने, पण स्पष्ट सांगितलं. "गावात असं सांगतात, एवढंच आपल्याला लिहिता येईल," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. बंगल्यात परतल्यावर आम्ही चौघं पुन्हा चित्रापुढे उभे राहिलो. आबा पहिल्यांदाच ते जवळून बघत होते. साठ-पासष्ट वर्षं बागेत राबून आतल्या दालनात त्यांना कधी कोणी बोलावलं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

अक्का म्हणाली, "ओटीनी गाठ दखा."

वेचणीला जाताना बाया कमरेला कापडाची ओटी बांधतात, त्यात कापूस टाकत जायचा. चार बायांच्या ओटीची गाठ उजव्या कमरेवर होती. पाठमोऱ्या बाईची डाव्या.

"माय डावरी व्हती," अक्का म्हणाली.

देवयानी म्हणाली, "डावखुऱ्या आणखीही असतील ना?"

अक्काचा चेहरा मी बघितला. मायने फाटकावरून परत फिरताना केला होता तसा झाला होता. आणि मग आबा बोलले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"नही बेटा," ते देवयानीला म्हणाले. "त्या टोळीमा डावरी एकच. मनी मायबी त्याच टोळीमा व्हती, हाई पयली, फुली घालेल, ती मनी माय. ती म्हने, भागानी शेजारनी ओळ धरू नका, तिना हात आडा येस. भागाले कायम कडनी ओळ." मग ते अक्काकडे वळले. "आम्ही बठ्ठा तिले हासूत. मीबी हासू. काल बी हासनू. भागाबाई खरी व्हती."

अक्काने पदर डोक्यावरून नीट पुढे घेतला. "माय खोटं नही बोले," ती म्हणाली, एवढंच.

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. पन्नासाहून जास्त वर्षांपूर्वी फाटकाशी मी तिचा हात ओढला होता, चल ना माय. आता तो हात कुठून आणू. पण त्या रडण्याला दुःख म्हणता येणार नाही. माझी माय जिंकली होती. रखवालदारावर, पाणवठ्यावर, आणि तिच्या शिकलेल्या लेकीवरही.

देवयानीने हलकेच विचारलं, "पाटी बदलायची?" मी तिच्याकडून पेचकस मागून घेतला आणि जुनी पाटी स्वतःच्या हाताने काढली. नवी पाटी लिहायला बसले, तेव्हा अक्का शेजारी बसून सांगत होती आणि मी लिहीत होते. काव्य वगैरे काही सुचलंच नाही. "सकाळ. कापूस वेचायला निघालेल्या स्त्रिया. लुगडी दहिवराने भिजली आहेत. पाठमोरी, डाव्या हाताची: भागाबाई." आबांच्या आईचंही नाव घातलं. बाकी तिघींची नावं आबा गावात विचारून आले, कोणाची नात सापडली, कोणाची सून. देवयानीने पाची नावांची खातरजमा केली आणि मगच पाटी छापायला दिली.

बंगला उघडला त्या दिवशी आमच्या गावच्या बाया बैलगाडीने नाही, चक्क टमटमने आल्या, दोन फेऱ्यांत, आणि मोठ्या दरवाजाने आत गेल्या. चपलांचा ढीग पायऱ्यांशी झाला, कारण अक्काने काढल्या म्हणून सगळ्यांनी काढल्या. मागाहून आलेल्या मुंबईच्या पाहुण्यांनीही मग बूट काढले. आबांनी दुपारी भिंतीपलीकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, त्या धुराचा वास दालनात चित्रांपर्यंत आला आणि कोणीही खिडकी लावली नाही. पाणवठ्यावर ज्यांच्या आयांनी मायला चिडवलं, त्या बाया चित्रापुढे उभ्या राहून आपापल्या लेकींना गाठ दाखवत होत्या, डावी. मला पाट्यांबद्दल कोणी काही विचारलं नाही. जे विचारायचं ते अक्काला विचारत होते, आणि ती हिरव्या लुगड्यात, चित्राच्या बाजूला, हात मागे बांधून उभी राहून सगळ्यांना सांगत होती, रुई, चिंध्या, भाकर, डोंगर, याच क्रमाने. वर्गात मी असं कधी शिकवू शकले नाही.

या वर्षीही ती जाते. मार्गशीर्षात, रविवारी, बघणारे जास्त असतात म्हणून. परवा मी बसने तिकडेच निघाले होते. पोहोचले तेव्हा एक बाई कौतुकाने चित्र बघत होत्या, नेटक्या, माझ्यासारख्याच जाणकार असाव्यात. पाटी वाचून त्या अक्काला म्हणाल्या, "या तुमच्या आई? किती छान. पण काय हो, चेहरा दिसला असता तर किती बरं झालं असतं. थोडं वळून बघायला हवं होतं त्यांनी."

अक्काने चित्राकडे बघितलं, मग त्या बाईंकडे.

"नही ना," ती म्हणाली. "तिले कामवर जावानं व्हतं."